रस्त्याकडेचं गवत कुणी काढायचं? गाडगेबाबांनी खराट्यानं दिलेलं उत्तर

पोलादपूर : पाऊस थांबला की आंबेनळी घाटाच्या कडेचं गवत हळूहळू पिवळं पडायला लागतं. सप्टेंबरात हेच गवत माणसाच्या डोक्याला लागतं. वळणावर समोरून येणारी एसटी दिसत नाही, दुचाकीवाल्याच्या तोंडावर पाती फटके मारतात, आणि शाळेत चालत जाणारी पोरं कडेने न चालता डांबरावरून चालतात, कारण गवतात फुरसं असतं. आता डिसेंबरात तेच गवत वाळून उभं आहे. त्यात कुणी जळती विडी टाकली की वणवा वर रानात चढायला वेळ लागत नाही. मध्ये मध्ये रानमोडी आणि घाणेरीची जाळी माजली आहे ती वेगळीच.

यावर गावागावात एकच बोलणं ऐकू येतं. हे काम कुणाचं? मोठा रस्ता बांधकाम खात्याचा, फाट्यापासून आत जाणारा जिल्हा परिषदेचा, गावातला ग्रामपंचायतीचा, आणि वाडीची पाखाडी कुणाचीच नाही. बोलणं तिथेच थांबतं आणि गवत वाढत राहतं.

येत्या २० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत त्यांच्या फोटोला हार पडेल. डोक्यावर किंवा हातात फुटकं गाडगं, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि दुसऱ्या हातात खराटा, असा तो फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रस्ता कुणी साफ करायचा, या प्रश्नाला या माणसानं आयुष्यातली पन्नास वर्षं दिली.

त्यांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात. जात परटाची. म्हणजे गावाचे कपडे धुवायचे आणि बलुत्यावर जगायचं. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले तेव्हा डेबू लहान होता. आई सखूबाईनं पोराला घेऊन माहेर गाठलं. मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामाच्या घरी डेबू वाढला. गुरं राखली, नांगर धरला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मामाही अक्षरशत्रू, त्यामुळे सावकारानं कागदावर काय लिहून घेतलं ते घरात कुणाला कळलं नाही आणि जमीन हातची गेली. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनात शिक्षणासाठी एवढे का तळमळायचे, त्याचं मूळ त्या कागदात आहे. ताट नसेल तर हातावर भाकरी घ्या, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते लोकांना सांगत.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. त्या काळी बारशाला जातीला दारू आणि मटणाचं जेवण द्यायची रीत होती. डेबूजींनी मुलीच्या बारशाला दोन्ही ठेवलं नाही, गोड जेवण घातलं. भाऊबंद चिडले. पण दारूनं बाप गेलेल्या पोरानं दारू वाढायला नकार दिला, यात चिडण्यासारखं काय होतं?

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. वयाचं एकोणतिसावं वर्ष चालू होतं. घर सोडून माणसं हिमालयात जातात, गुहेत बसतात. हे गेले ते रस्त्यावर. रोज नवं गाव, दिवसभर चालणं. दिसेल त्या शेतात शिरायचं आणि काम करणाऱ्यांच्या जोडीला उभं राहून कामाला लागायचं. कुणी विचारलं नाही, कुणी बोलावलं नाही. मालक कधी ओरडायचा, कधी वेडा समजून हाकलायचा. काम उरकलं की कोरडी भाकरी आणि चटणी मागायची, खायची आणि पुढची वाट धरायची. मजुरी घ्यायची नाही. शेतकऱ्याला हे कोडं सुटायचं नाही. बिनमजुरीचा गडी कुणी पाहिलाय?

दापुऱ्याच्या परिसरात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं ठिकाण आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. त्या काळी नदीवर उतरायला धड वाट नव्हती. ओल्या मातीच्या दरडीवरून माणसं घसरायची, म्हाताऱ्या बायका पडायच्या. यात्रेला हजारो लोक यायचे, घसरायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि घरी जायचे. वाट दुरुस्त करावी असं कुणाला वाटत नव्हतं, कारण यात्रा सगळ्यांची होती आणि सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. डेबूजींनी तिथे वाट साफ केली, दरडीत पायऱ्या खोदल्या आणि म्हाताऱ्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन त्यांना खाली उतरवलं. पुढे १९०८ मध्ये तिथे नदीवर पक्का घाट बांधला गेला. बाबांच्या सगळ्या कामाची पद्धत या एका ठिकाणी दिसते. आधी स्वतःच्या हातानं माती उपसायची, लोक बघतात, मग लोक येतात, मग पैसा उभा राहतो आणि शेवटी दगडी बांधकाम होतं. बांधकाम आधी मागायचं आणि ते होईपर्यंत घसरत राहायचं, हा उलटा क्रम त्यांना मान्य नव्हता.

पुढच्या वर्षांत त्यांचा एक रिवाज ठरून गेला. गावात शिरलं की चावडीवर जायचं नाही, पाटलाच्या ओसरीवर बसायचं नाही. खराटा घ्यायचा आणि वेशीपासून रस्ता झाडायला लागायचं. रस्त्यातले काटे बाजूला करायचे, तुंबलेलं गटार मोकळं करायचं. सकाळी पोरं मागे लागायची, वेडा आला म्हणून दगड मारायची. दुपारपर्यंत एखादा म्हातारा पुढे येऊन फावडं धरायचा. संध्याकाळी बहुतेक गाव रस्त्यावर असायचं. काम संपलं की बाबा उलट गावकऱ्यांचंच अभिनंदन करायचे. रस्ता तुमचा, तुम्ही साफ केलात, छान झालं. असं म्हटल्यावर घरी बसून राहिलेल्या माणसाला खाली मान घालण्याशिवाय काही उरत नसे.

रात्री कीर्तन. तेही नेहमीसारखं नाही. बाबा निरूपण कमी करायचे आणि प्रश्न जास्त विचारायचे. देव कुठे राहतो, कोंबडं कापलं तर देव खूश होतो का, कर्ज काढून तीर्थाला कशाला गेलात, घरातलं पोर शाळेत जातं का. लोक उत्तर द्यायचे आणि उत्तर देतादेता स्वतःच अडकायचे. वऱ्हाडी बोली, हसवत हसवत चिमटा, आणि मध्ये मध्ये गोपालाचा गजर. पाया पडायला कुणी आलं तर काठी उगारायचे. कुणाला गुरू मानायचं नाही आणि कुणाला शिष्य करायचं नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याशिवाय त्या खराट्याचा अर्थ लागत नाही. जुन्या गावगाड्यात रस्ता कुणी झाडायचा हा प्रश्नच नव्हता. उत्तर जन्मानं ठरलेलं होतं. गावचे रस्ते आणि चावडी झाडणं, मेलेली जनावरं ओढणं, निरोप घेऊन गावोगाव पळणं, ही कामं वतन म्हणून महारांवर लादलेली होती. बदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुतं. नाही म्हणायची सोय नव्हती. जो रस्ता झाडायचा त्यालाच त्या रस्त्यावरून ताठ मानेनं चालता येत नव्हतं.

या अन्यायाला आव्हान मिळालं ते आपल्याच भागात. आंबेनळीचं पाणी ज्या सावित्रीत जातं तिच्याच काठच्या महाडात, १९ आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषद भरली आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत दोन पिढ्या गेल्या.

आता हे डोळ्यांसमोर ठेवून गाडगेबाबांकडे बघा. ज्या काळात खराटा हातात असणं म्हणजे खालच्या जातीचं असणं, त्या काळात हा माणूस कुणी न सांगता खराटा उचलतो आणि पाटलाच्या वाड्यासमोरचा रस्ता झाडतो. मग कीर्तनाला पाटील येतो, ब्राह्मण येतो, व्यापारी येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेही झाडायला लागतात. साफसफाई जन्मावरून काढून त्या रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देण्याचं हे काम होतं. नुसता स्वच्छतेचा संत म्हणून त्यांचा फोटो लावला की ही निम्मी गोष्ट गळून पडते. आजही गावात सफाईचा विषय निघाला की पहिली नजर कोणत्या वस्तीकडे जाते, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं.

पंढरपुरात त्यांनी पाहिलं की वारीला आलेल्या अस्पृश्य माणसाला उतरायला जागा मिळत नाही. विठ्ठल सगळ्यांचा, पण ओसरी कुणाची नाही. १९१७ पासून त्यांनी तिथे चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभारायला घेतली. लोकांनी दिलेला पैसा तिथे लागला. १९४९ मध्ये हीच धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई, मूर्तिजापूर, कुठे धर्मशाळा, कुठे अन्नछत्र, कुठे गोरक्षण, कुठे शाळा. यादी लांब आहे. लाखोंचा पैसा हातातून गेला, पण अंगावरची गोधडी बदलली नाही आणि जेवण गाडग्यातच राहिलं. स्वतःच्या घरच्यांनाही धर्मशाळेच्या मिळकतीवर हक्क सांगता येऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि सगळा कारभार त्याच्याकडे गेला.

कोकणातही ते येत. १९२३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या खारेपाटणला त्यांचं कीर्तन होतं. खारेपाटण आता सिंधुदुर्गात आहे, आणि महाड-पोलादपूरहून जाणारा मुंबई-गोवा रस्ता तिथूनच पुढे जातो. तिथे एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी पोचली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग मोठेपणा म्हणून सांगितला जातो. असेलही. पण तिकडे कुंताबाई एकट्या होत्या, आणि घर सोडलेल्या माणसाच्या घरी काय चाललं होतं, याबद्दल कीर्तनकार फारसं बोलत नाहीत. गावाचा रस्ता झाडणाऱ्याची किंमत त्याच्या बायकोनंही मोजली, एवढं इथे नोंदवायला हरकत नाही.

मोठी माणसं त्यांना मानायची. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांच्याकडे येत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडला काढलेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. शाळेत न गेलेल्या माणसाच्या नावाचं कॉलेज. आपल्या जिल्ह्यातल्या पनवेलला जन्मलेले प्रबोधनकार ठाकरे हे देवभोळेपणावर आसूड ओढणारे, पण त्यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचं चरित्र लिहिलं. देवळात न बसणारा हा संत त्यांना पटला असणार.

१९५६ उजाडलं तेव्हा बाबा ऐंशीला टेकले होते आणि शरीर थकलं होतं. तरी फिरणं चालूच. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं आणि आज कुणालाही मोबाईलवर ऐकता येतं. आवाज खरखरीत, बोलणं तसंच रोखठोक. ते शेवटचं कीर्तन ठरलं. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला. आयुष्य रस्त्यावर गेलं आणि शेवटही रस्त्यावरच झाला. जिथे मरण येईल तिथेच अंत्यसंस्कार करा, समाधी-स्मारक काही करू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. अमरावतीत समाधी झाली, त्या भागाला गाडगेनगर म्हणतात, आणि पुढे विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं.

सरकारला बाबांची आठवण वेगळ्या तऱ्हेनं झाली. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. गावांची तपासणी, गुण, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर बक्षिसं. अनेक गावं खरोखर बदलली, हागणदारी कमी झाली, हे मान्यच करायला हवं. पण समिती येणार म्हणून आदल्या आठवड्यात रस्त्याची कड साफ होते आणि समितीची गाडी वळणाआड गेली की पुढच्या पावसापर्यंत कुणी कोयता उचलत नाही, हेही अनेक गावांनी पाहिलं आहे. बाबा कधी कळवून येत नसत.

कायद्यात काम कुणाचं ते लिहिलेलं आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत गावातल्या सार्वजनिक रस्त्यांची देखभाल आणि रस्त्याकडेला झाडं लावून ती जगवणं ही पंचायतीची कामं म्हणून धरलेली आहेत. म्हणजे ग्रामसभेत उठून विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे, आणि तो वापरायला हवा. घाटाच्या मोठ्या रस्त्यासाठी बांधकाम खात्याला अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, फोटो जोडायचा. श्रमदान केलं म्हणून खात्याची जबाबदारी संपत नाही. आणि एक सांभाळायचं. गवत आणि रानमोडी बेणायची म्हणून उत्साहाच्या भरात कडेच्या आंब्याला, फणसाला, जांभळाला, ऐन-किंजळीला कुऱ्हाड लावायची नाही. अशी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या जागेत असली तरी. उन्हात गाडी थांबवायला सावली त्यांचीच असते.

आपल्याकडे गावकीची जुनी पद्धत अजून बऱ्याच वाड्यांवर टिकून आहे. गणपतीच्या आधीचा एखादा रविवार ठरतो, दवंडी फिरते, आता व्हॉट्सअॅपवर निरोप येतो. घरटी एक माणूस, कोयता ज्याचा त्याचा. फाट्यापासून वाडीपर्यंतची वाट दुपारपर्यंत बेणून होते. चाकरमानी येतात तेव्हा वाट मोकळी असते. न येणाऱ्याला दंड. मुंबईकर दंडाचे पैसे आधीच पाठवून देतात आणि तो विषय तिथे मिटतो. पण ज्या घरात तरणं माणूसच उरलेलं नाही, त्या घरातून सत्तरीची म्हातारी विळा घेऊन येते. तिला कडेला बसायला सांगतात. ती बसत नाही, आपल्या उंबऱ्यासमोरचं चार हात गवत कापते आणि मगच चहा घेते.